यादीतून खोडलेलं नाव

रविवार, १ सप्टेंबर

आज मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून खोटं बोललो. कुणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. आपण होऊन उठलो, घसा खाकरला आणि बोललो.

झालं ते असं. आमच्याकडे उपदेशाआधी प्रार्थनेची यादी वाचतात. रिटायर्ड पोस्टमास्तर ती वाचतात, पाकिटावरचे पत्ते वाचावेत तशा आवाजात. "आजीबाई, गुडघ्यासाठी. ड्रायव्हरची सून, बाळंतपणासाठी. बाइंडरबंधू, नोकरीसाठी. घड्याळवाले, नोकरीसाठी." बाइंडरबंधू म्हणजे मी. एकतीस वर्षं पुस्तकं बांधली, जूनमध्ये बाइंडरी बंद पडली, आणि तेव्हापासून दर रविवारी मी आजीबाईंच्या गुडघ्याच्या मागे रांगेत उभा आहे. आजचा अकरावा रविवार.

नाव वाचलं की पुढच्या बाकांवरची माणसं जराशी मागे वळून बघतात. वाईट मनाने नाही. पण मला त्या माना सहन होईनाशा झाल्या आहेत, कारण ह्याच लोकांनी मला समाधानभाऊ असं नाव ठेवलंय. चार वर्षांपूर्वी मी सुखात आणि दुःखात सारखंच समाधानी कसं राहावं ह्यावर चाळीस मिनिटं साक्ष दिली होती, म्हणजे मंडळीपुढे उभं राहून देवाचा आलेला अनुभव सांगितला होता. लोक रडले. कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केली, ती ह्याच्या त्याच्याकडे फिरली, मग मला हॉस्पिटलच्या वॉर्डात, शोकसभांना, एकदा तर चक्क एका लग्नात बोलायला नेलं. तुरुंगात बसून पत्रं लिहिणारा बायबलमधला तो प्रेषित, भरल्या पोटी आणि रिकाम्या पोटी सारखाच तृप्त, आणि त्याच्यानंतर थेट मी, असा एकंदर सूर होता. तेव्हा मला पगार चालू होता हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

तर यादी संपली आणि पाळकसाहेब म्हणाले, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मी उठलो. काम नसलं तरी मी समाधानी आहे, असं म्हणायचं ठरवून उठलो होतो. पण ते वाक्य ओठांवर येईपर्यंत माझं मलाच खोटं वाटलं. मग मी त्याच्याऐवजी दुसरं खोटं बोललो. "प्रभूने तुमच्या प्रार्थना ऐकल्या. मला काम मिळालं. माझंच काम, बाइंडिंगचं."

टाळ्या पडल्या. पोस्टमास्तरांनी खिशातलं पेन काढून तिथल्या तिथे माझं नाव खोडलं. ही बायकांच्या बाजूला बसली होती. तिने मान वर केली नाही. गायनपुस्तक हातभर लांब धरून पुढचं गीत शोधत राहिली. नेहमीच लांब धरते, पुस्तक चावणार असल्यासारखं.

सोमवार, २ सप्टेंबर

काल घरी येताना हिला सांगितलं, पुलापलीकडे एक लहानशी बाइंडरी आहे, मालक म्हातारा आहे, तुला चकित करायचं म्हणून बोललो नव्हतो. ही म्हणाली, "बरं." तेवढंच. भोळी आहे बिचारी.

आठला डबा घेऊन निघालो. डब्यात आज पातळ काही नव्हतं, सगळं कोरडं, हातात धरून खाता येईल असं. बरंच झालं, कारण जेवलो बागेतल्या बाकावर. बाकी दिवस सार्वजनिक वाचनालयात काढला. समोरच्या टेबलावर एक शब्दकोश होता, कणा निखळलेला, पानं डिंकाने कशीतरी चिकटवलेली. कुणीतरी मला सुईदोरा आणि दोन तास दिले असते तर त्याचं सोनं केलं असतं. ग्रंथपाल बाईंनी दोनदा विचारलं, "काही हवंय का?"

घरी शिरण्याआधी शर्टाच्या बाहीला थोडा सरस चोळला. कामावरून येणाऱ्या माणसाला वास नको का? एवढी अक्कल चांगल्या कामात कधी चालली नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

तीन छापखाने पालथे घातले. एका पोराएवढ्या मालकाने हसत सांगितलं, "काका, शिलाई आता कोण करतं? मशीन गम ओततं. पान सुटलं तर सुटलं." त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काहीही नव्हतं, राग नाही की कीव नाही, आणि त्या क्षणी तेच बरं वाटलं.

जेवताना दाताखाली खडा आला. ह्या आठवड्यातला दुसरा. मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं?" ही म्हणाली, "उद्या तुम्ही निवडून द्या." मी म्हटलं, "मला कामातून वेळ कुठे मिळतो?"

हे वाक्य मी खरोखर बोललो. लिहून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

उपासना संपल्यावर घड्याळवाल्याने गाठलं. हा माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. घड्याळांच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचा, दुकान उठलं, घरी बायको आणि दोन मुली. यादीत माझ्या मागे उभा असायचा, आता माझ्या जागी, ड्रायव्हरच्या सुनेच्या मागे आहे.

"समाधानभाऊ, एक सल्ला द्या. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जागा आहे. चादरींच्या घड्या घालायच्या. शनिवारपर्यंत हो-नाही कळवायचंय."

ती जागा मला ठाऊक आहे. जूनमध्ये तिथलं काम मलाही सांगितलं होतं. मी जाऊन बघितलं आणि नाक मुरडून परत आलो. एकतीस वर्षं कागदाच्या घड्या घातलेल्या हातांनी आता चादरींच्या घालायच्या?

"तुम्ही नाही म्हणालात ना तिथे?" तो म्हणाला. "मी तेव्हा माझ्या बायकोला म्हटलं होतं, भाऊ चुकले. पण तुम्ही थांबलात, विश्वास ठेवलात, आणि हातातलंच काम मिळालं. मीही थांबू का?"

घे म्हणायला एक शब्द पुरला असता. पण घे म्हटलं तर मी का नाही घेतलं, हा प्रश्न आला, आणि तो आला की बाकी सगळं आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "प्रभू योग्य वेळी दार उघडतो." असली वाक्यं माझ्याकडे ढिगाने आहेत. ती कुठेही बसतात आणि कुणाच्या उपयोगाची नसतात.

तो म्हणाला, "कळलं." काय कळलं असेल त्याला?

बुधवार, ११ सप्टेंबर

आज घड्याळवाल्याकडे गेलो होतो, खरं सांगून टाकायला. जिना चढताना वाक्य पाठ करत होतो: मला काम मिळालेलं नाही, तू लॉन्ड्रीतलं घे. इतकं सोपं वाक्य.

तो बाहेर गेला होता. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा खुलला. खुर्ची पुसली, चहा टाकला, धाकटीला बोलावून म्हणाली, "हेच ते काका. बाबांनी सांगितलं ना, थांबले आणि मग त्यांना मिळालं?" मुलीने माझ्याकडे असं बघितलं की मी चहाच्या कपात तोंड लपवलं. ह्यांच्या घरात माझी गोष्ट झाली होती. मुलींना सांगण्याजोगी.

"ह्यांना काही निरोप देऊ का?" तिने विचारलं.

"सहज आलो होतो," म्हणालो. चहा पिऊन उठलो. शनिवारला अजून तीन दिवस आहेत.

रविवार, १५ सप्टेंबर

तीन दिवस होते. तिन्ही दिवस मी वाचनालयात बसून होतो.

आज साक्षीच्या वेळी घड्याळवाला उठला. बायकोही त्याच्याबरोबर उभी राहिली. काल त्याने लॉन्ड्रीला लेखी नकार कळवला. "समाधानभाऊंचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवून आम्ही वाट बघायचं ठरवलंय," असं तो म्हणाला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या, ह्या वेळी कौतुकाने. दोन आठवड्यांपूर्वी मी ह्याच नजरांसाठी तळमळत होतो. आज मला बाकाखाली जागा असती तर तिथे गेलो असतो.

सोमवार, १६ सप्टेंबर

सकाळी सातला लॉन्ड्रीच्या दारात हजर. डोक्यात एकच होतं, सुपरवायझर बाईंच्या हातापाया पडून घड्याळवाल्याची जागा राखायची.

बाईंनी मला ओळखलं. "तुम्ही तेच ना, जूनमध्ये नाक वर करून गेलेले?" मी मान डोलावली. "शनिवारी दुसऱ्यानेही नाही कळवलं. तुमच्या लोकांना चादरींचं काय वावडं आहे? मला आज आत्ता माणूस पाहिजे. तुम्ही येता का?"

मी त्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हो."

दिवसभर घड्या घातल्या. गरम चादर, चार कोपरे, अर्धी, पाव, थप्पीवर. काम खरं तर छान आहे. हाताला लगेच जमलं. बाई म्हणाल्या, "कडा बऱ्या जुळवता." आणि मी, लाज कोळून प्यायलेला माणूस, खूश झालो.

मंगळवार, १७ सप्टेंबर

दिवसभर मनात वकिली चालू होती. त्याने नाही म्हटलं ते त्याच्या मर्जीने. जागा रिकामी होती. मी नाही तर तिसऱ्याने घेतली असती. आणि आता मला काम आहे, म्हणजे मी चर्चमध्ये बोललो ते खोटं राहिलंच नाही, फक्त पंधरा दिवस आधी बोललो, आणि चादरी म्हणजे काही पुस्तकं नव्हेत एवढाच काय तो फरक. प्रभूचे मार्ग अगम्य आहेत, इथपर्यंत जाऊन पोचलो.

ह्या शेवटच्या वाक्यावर माझी मलाच शिसारी आली. चादरीची कड चुकली.

बुधवार, १८ सप्टेंबर

साडेतीनला घरी आलो. ही खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती, म्हणजे ओवायचा प्रयत्न करत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन दिवस झाले, सरसाचा वास येत नाही. ब्लीचचा येतो."

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. चर्च, वाचनालय, घड्याळवाला, त्याची बायको, चहा, लॉन्ड्री. ती दोरा हातात धरून ऐकत होती.

"मला पहिल्याच रविवारी कळलं," ती म्हणाली.

"कसं?"

"तुम्ही खरं बोलता तेव्हा अडखळता. मला मागणी घालायला आलात तेव्हा किती अडखळलात! साक्ष देताना तुम्ही कधीच अडखळत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही देवाच्या समोर बोललात. त्यातून माघारही तुम्हीच घ्यायची. मी पोस्टमास्तरांसारखं तुमचं नाव खोडलं नाही, रोज प्रार्थनेत घेत राहिले, तेवढंच माझ्या हातात होतं."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला निदान कुठेतरी बरं ठरायचं होतं, म्हणून म्हणालो, "तुझ्यापाशी तरी मी कधी खोटं वागलो नव्हतो."

तिने सुई खाली ठेवली. "त्या चाळीस मिनिटांत माझ्याबद्दल एक वाक्य आहे. माझ्या बायकोने पंधरा वर्षांत माझ्याकडे एक वस्तू मागितली नाही, असं. लोक दर वेळी माझ्याकडे वळून बघतात. मी मागितली होती हो. चष्मा मागितला होता. दोनदा. तुम्ही हो हो म्हणालात आणि विसरलात. मग ती साक्ष आली. सगळ्या मंडळीपुढे तुम्ही मला काही न मागणारी करून टाकल्यावर मी तिसऱ्यांदा कशी मागू?"

गायनपुस्तक. खडे. सुई. माझ्या डोळ्यांसमोर सगळं घडत होतं आणि माझे डोळे चांगले आहेत.

प्रेषित काय म्हणतो, तर मी समाधानी राहायला शिकलो. शिकलो म्हणतो तो, उपाशी राहून, मार खाऊन. मी काय शिकलो होतो? मला पोटभर मिळत होतं, आणि जे कमी पडत होतं ते ही सोसत होती. त्याला मी समाधान म्हणत होतो आणि लोकांना वाटत फिरत होतो. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही. तिच्याकडे बघवेना. तीच म्हणाली, "आता तोंड धुवा आणि हा दोरा ओवून द्या."

गुरुवार, १९ सप्टेंबर

पाळी संपल्यावर सुपरवायझर बाईंकडे गेलो. म्हणालो, ही जागा त्या घड्याळवाल्याची आहे, मी खोटं बोललो म्हणून त्याने सोडली, त्याला द्या, मी जातो. अडखळत अडखळत सांगितलं.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा, ही लॉन्ड्री आहे. तुमचं प्रायश्चित्ताचं ठिकाण नाही. त्याने लेखी नाही कळवलंय. तुम्ही चौथ्या दिवशी सोडताय. माझ्याकडे पुढचं नाव आहे, ती बाई उद्या येईल." आणि रजिस्टर पुढे केलं. "सही करा."

मी सही केली. हिशोब बरोबर करायला गेलो आणि दोघांच्याही हातचं घालवून बसलो. घड्याळवाल्याच्या जिन्यापर्यंत गेलो होतो, पण खोटं सगळ्यांसमोर बोललो आहे, खरंही सगळ्यांसमोरच बोलायचं, असं ठरवून परत फिरलो. हा निश्चय होता की पळवाट, ते आजही नीट सांगता येत नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

आज उठलो. एवढंच बोललो: मला काम मिळालं नव्हतं. मी खोटं सांगितलं. ते ऐकून घड्याळवाल्यांनी हातचं काम नाकारलं, तेच मी घेतलं, आणि आता ते आम्हा दोघांकडेही नाही. चार वर्षांपूर्वीची माझी साक्ष ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती पुसून टाकावी, त्यातलं माझ्या बायकोबद्दलचं वाक्यही खोटं आहे.

मध्येच दोनदा आवाज गेला. पोस्टमास्तर यादीकडे बघत बसले. घड्याळवाल्याने मुलींचे हात धरले आणि चौघं मधल्या वाटेने बाहेर गेली. दार लागल्याचा आवाज आला. मग पाळकसाहेबांनी गीत सांगितलं आणि लोक गायला लागले, जरा जास्तच मोठ्याने.

दुपारी ही म्हणाली, "जा आता." गेलो.

त्याने दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभा राहिला. "बसा म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस."

"आत येऊ द्या त्यांना," मागून त्याची बायको म्हणाली. तिचा चेहरा आज खुलला नाही. खुर्चीही पुसली नाही. आत जाऊन मीच बसलो.

"माझ्या मुली," तो म्हणाला, आणि थांबला. परत सुरुवात केली. "माझ्या मुलींना मी तुमची गोष्ट सांगितली, भाऊ. थोरली विचारते, मग आपण कशाची वाट बघतोय? काय सांगू?"

पूर्वी माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर असायचं. मी म्हणालो, "त्या बुधवारी, तू नकार कळवायच्या आधी, मी इथे सांगायला आलो होतो. चहा पिऊन गेलो."

"ते हिने सांगितलं."

"माझं चुकलं."

"मग? मी माफ केलं म्हणू? रविवार आहे म्हणून?"

"नको म्हणूस," मी पुन्हा म्हणालो. खरंच नको होतं. त्याने त्या क्षणी माफ केलं असतं तर मी उद्याच्या उद्या त्याचीही साक्ष केली असती.

शेवटी त्याची बायको म्हणाली, "प्रार्थना करून जा."

"चाळीस मिनिटं नको," तो म्हणाला.

मी डोळे मिटले. माझी सगळी ठेवणीतली वाक्यं आली, योग्य वेळ, उघडणारी दारं, अगम्य मार्ग. एकही तोंडात घ्यावंसं वाटेना.

"प्रभू," मी म्हणालो, "आम्हा दोघांना काम नाही."

पुढचं सुचलं नाही, आणि सुचावं असंही वाटलं नाही. माझ्याकडे झाकायला काही उरलं नव्हतं. लाज जिथल्या तिथे होती, पण तिच्याखाली काहीतरी निवांत होतं. समाधान हा शब्द लिहायचा मला आता धीर होत नाही, पण दुसरा कुठला शब्द आहे तेही ठाऊक नाही.

घड्याळवाला आमेन म्हणाला नाही. मी वाट बघत राहिलो. मग त्याचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता. माझी प्रार्थना तो पुढे नेत होता.

"आणि प्रभू, हा माणूस माझ्याशी खोटं बोलला."

"आमेन," मी म्हणालो. इतक्या मनापासून आमेन मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.